नणंद आजारी आहे, म्हणून तिचं ऐकायचं नाही?

ताई, स.न.वि.वि.

आम्ही सातारा जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी राहतो. घरात सासू-सासरे, मी, माझे यजमान, आमचा मुलगा आणि धाकटी नणंद. तिचं वय २६. पाच वर्षांपूर्वी तिला बायपोलर (मनःस्थितीचे टोकाचे चढउतार होणारा आजार) असल्याचं कळलं, त्यावर लिथियमच्या गोळ्या चालू आहेत. गेल्या वर्षी तिने गोळ्या मधेच सोडल्या आणि डोकं फार चढलं. तीन-तीन रात्री झोप नाही. शेजारच्या काकांनी आमच्या न्हाणीघरात कॅमेरा लावलाय म्हणून तिने भर गल्लीत आरडाओरडा केला. तसं काही नव्हतं. दवाखान्यात ठेवावं लागलं. त्यानंतर मात्र ती बरी आहे, मुलांच्या शिकवण्या घेते.

दिवाळीला मोठ्या वन्सं आणि दाजी आले होते. पंधरा दिवसांपूर्वी रात्री भांडी आवरताना ती मला म्हणाली, भाऊबीजेला दुपारी तुम्ही सगळे मामांकडे गेला होता, मी गोळी घेऊन पडले होते, तेव्हा दाजी खोलीत आले, कडी लावली आणि जबरदस्ती केली. ती ओरडली नाही. "आवाजच निघेना," म्हणाली. दाजी त्या दिवशी डोकं दुखतंय म्हणून घरी थांबले होते, एवढं मला आठवतं.

सासूबाईंनी तिला सगळ्यांसमोर बसवून विचारलं तेव्हा ती "पाडव्याच्या दुपारी" म्हणाली. झालं! आधी कॅमेरा, आता दाजी, उद्या आणखी कोणाचं नाव घेईल, असं सासूबाईंचं म्हणणं. यजमान म्हणतात, ती तेव्हा भानावर होती का याचा डॉक्टरांकडून दाखला आणू, मग बघू. माझा तिच्यावर विश्वास बसतो, पण कॅमेऱ्याचं आठवलं की डळमळतो. पोलिसांत गेलो तर तिच्या आजाराची फाईल बाहेर येईल, ही भीती आहे. आणि पुढच्या महिन्यात दाजींच्या नव्या घराची वास्तुशांत आहे. तिला न्यायलाच हवं, नाहीतर लोक विचारतील, असं घरात चाललंय. काय करू?

— एक वहिनी

वहिनी,

आधी एक काम, मग बाकीचं बोलू. आजपासून दाजी आणि ती एका छपराखाली एकटे असणार नाहीत, ही जबाबदारी तुमची आणि तुमच्या यजमानांची. ते राहायला येणार असतील तर तुम्ही घरी थांबा. तिच्या खोलीला आतून नीट लागणारी कडी आहे का, तेही बघा. यासाठी आधी काही सिद्ध व्हावं लागत नाही आणि कोणाला गुन्हेगार ठरवावं लागत नाही. खरं-खोटं ठरायला महिने, कदाचित वर्षं जातील. दाराची कडी आज संध्याकाळी बसते.

आता कॅमेऱ्याचं. तुम्ही तो प्रसंग पत्रात लपवला नाहीत हे फार बरं केलंत, कारण सगळी गाठ तिथेच बसली आहे. मॅनिया, म्हणजे डोकं चढल्याची अवस्था, जोरात असताना माणसाला नसलेल्या गोष्टींची खात्री पटू शकते, हे खरं आहे. मी बावीस वर्षं मानसोपचार विभागात समाजसेविका होते, ते कबूल करायला मला अडचण नाही. पण तेव्हाचं चित्र आठवा. झोप उडालेली, गोळ्या बंद, बोलणं थांबत नाही, संशय रोज वाढतोय, सगळ्या गल्लीला ओरडून सांगणं. उपचार सुरू झाले आणि तो कॅमेरा विरून गेला. आता ती झोपते आहे, गोळ्या घेते आहे, मुलांना शिकवते आहे. एका माणसाबद्दल, एका दुपारबद्दल, एकाच व्यक्तीला, भांडी आवरताना हळू आवाजात सांगते आहे. त्यातून तिला मिळालं काय, तर सगळ्यांसमोरची चौकशी. मला तरी यात कॅमेऱ्याचं सावट दिसत नाही.

पण यावरून उलटा नियम काढू नका, की "बरी असताना सांगितलं तरच खरं." आजार भरात असलेल्या बाईवरही हात टाकला जातो, किंबहुना तेव्हाच जास्त. लंडनमध्ये दहाएक वर्षांपूर्वी तीव्र मानसिक आजार असलेल्या रुग्णांची पाहणी झाली. त्यातल्या ४० टक्के स्त्रियांनी सज्ञान वयात बलात्कार किंवा त्याचा प्रयत्न सोसल्याचं सांगितलं. तिथल्या सर्वसाधारण स्त्रियांमध्ये हाच आकडा ७ टक्के होता. माझ्या वॉर्डात एक बाई रात्रीच्या माणसाबद्दल तक्रार करायची. तिच्या कागदावर एका ओळीत "भ्रम" असं लिहिलं गेलं आणि विषय मिटला. पुढे आणखी दोघींनी त्याच माणसाचं नाव घेतलं, त्या दोघी एकमेकींना ओळखतही नव्हत्या. ती पहिली ओळ मीही वाचली होती आणि पान उलटलं होतं.

असं करणारा पुरुष वेडा नसतो, हिशेबी असतो. घरात कोणाच्या शब्दाला वजन नाही, हे पाहुण्यालाही दोन दिवसांत कळतं. "तिला डोक्याचा त्रास आहे" हे वाक्य तुमच्या घरात दाजींच्या समोर किती वेळा बोललं गेलं असेल? मी दाजींना दोषी ठरवत नाहीये. ज्या गोष्टीमुळे तिचं कोणी ऐकत नाही, त्याच गोष्टीमुळे ती सहज सावज ठरते, एवढंच सांगते आहे. बायपोलर हे तिच्या मनःस्थितीच्या चढउताराचं नाव आहे. त्या दुपारी कडी कोणी लावली याचं उत्तर त्या नावात शोधून सापडणार नाही.

मग उत्तर कुठे शोधायचं? कोणाच्याही बाबतीत शोधतो तिथेच. आता ती तारखेची गोष्ट घ्या. पाडवा आणि भाऊबीज लागून येतात. गोळीच्या गुंगीत पडलेल्या बाईची त्यात गल्लत झाली, तीही चार डोळे रोखलेले असताना, तर तुमच्या घराने त्यावर निकाल देऊन टाकला! पण वहिनी, मामांकडे तुम्ही कोणत्या दिवशी गेलात हे तिला कशाला विचारायचं? ते तुम्हाला माहीत आहे. सासूबाईंना तर नक्कीच माहीत आहे, ओवाळायला त्याच गेल्या होत्या ना? दाजी डोकं दुखतंय म्हणून थांबले, हेही तुम्हीच लिहिलंय. म्हणजे तिच्या सांगण्यातला जो भाग पडताळता येतो, तो तुमच्या स्वतःच्या आठवणीशी जुळतोय आणि तरीही डळमळताय तुम्ही, ती नाही. भीतीच्या क्षणी मुख्य घटना मनावर कोरली जाते, पण वार, वेळ, आधी काय नंतर काय, हे निसटतं. निरोगी माणसाचंही निसटतं.

आवाज न निघण्याबद्दलही असंच. स्टॉकहोमच्या एका रुग्णालयात बलात्कारानंतर आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या ७० टक्के जणींनी त्या वेळी शरीर लक्षणीय प्रमाणात थिजून गेल्याचं सांगितलं. हातपाय हलत नाहीत, घसा बंद होतो, आणि हे ठरवून होत नाही. आपल्याकडे हे कळायला फार किंमत मोजावी लागली. १९७२ साली विदर्भातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, आरोपी दोन पोलीस. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, याचा त्यात मोठा वाटा होता. त्यावर वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर, उपेंद्र बक्षी आणि लोतिका सरकार या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ साली कायदा बदलला. आजच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये स्पष्ट लिहिलंय, की केवळ अंगाने प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असं मानता येणार नाही. गुंगीत असलेल्या, काय चाललंय हे न कळणाऱ्या बाईचा होकारही तिथे होकार धरत नाहीत.

तुमच्या पत्रातला सगळ्यांसमोर बसवून विचारण्याचा प्रसंग वाचताना मला अमेरिकेतली एक गोष्ट आठवत राहिली. वॉशिंग्टन राज्यातलं लिनवुड शहर, २००८ साल. अठरा वर्षांची मुलगी, लहानपण परक्या कुटुंबांत सांभाळ होत गेलेलं, पूर्वी बरंच सोसलेलं. तिने पोलिसांना सांगितलं की रात्री एकाने घरात शिरून, बांधून बलात्कार केला. तिच्या सांगण्यात बारीक फरक पडले. ती रडली नाही, विचित्र शांत वागली. जिने तिला सांभाळलं होतं त्याच बाईने पोलिसांना कळवलं, मला शंका येते. पोलिसांनी पुन्हा पुन्हा विचारलं, शेवटी ती म्हणाली, बरं, मीच रचलं. तिच्यावरच खोट्या तक्रारीचा खटला झाला, कोर्टाचा खर्च भरावा लागला, वर मानसिक समुपदेशन घेण्याची अट. अडीच वर्षांनी कोलोराडोत वेगळ्याच गुन्ह्यांसाठी एक माणूस पकडला गेला. त्याच्याकडच्या फोटोंमध्ये ही मुलगी होती, तिच्या ओळखपत्रासकट. मधल्या काळात त्याने आणखी बायका गाठल्या होत्या. त्याला तीनशेहून अधिक वर्षांची शिक्षा झाली आणि शहराला तिला दीड लाख डॉलर द्यावे लागले. तिच्यावर शंका घेणारे दुष्ट नव्हते. ती "अशी का वागते" हे बघण्यात ते इतके गुंतले, की त्या रात्री घरात कोण आलं हे शोधायचं राहून गेलं.

तेव्हा ती बैठक पुन्हा बसवू नका. वारंवार विचारलं की माणूस कंटाळून शब्द बदलतो, समोरच्याला हवं ते बोलतो, आणि मग तेच त्याच्याविरुद्ध वापरलं जातं. त्या रात्री भांडी आवरताना ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत एका वहीत लिहून ठेवा, तारीख घाला. तुमच्याकडून वाक्य सुधारू नका, रिकाम्या जागा भरू नका. दाजींचे त्यानंतरचे मेसेज, फोन असतील तर तिने पुसू नयेत. इतकंच. तुम्ही फौजदार नाही.

यजमानांच्या दाखल्याबद्दल सांगते. मानसोपचारतज्ज्ञ तिच्या आजाराची आजची स्थिती सांगू शकतो, तिला प्रश्न समजतात का, ती सुसंगत उत्तर देते का हे सांगू शकतो. ती खरं बोलते का, हे तपासायचं यंत्र कोणत्याही डॉक्टरकडे नाही, आणि असल्याचा आव आणणारा डॉक्टर असेल तर तिथून उठून या. शिवाय यजमानांना सांगा, असा दाखला आपण दाजींकडून मागितला का? त्यांनाही ब्लडप्रेशरच्या गोळ्या असतीलच की.

डॉक्टरांकडे मात्र जरूर न्या, तिच्यासाठी. असा धक्का बसला की बायपोलरचा झटका पुन्हा येऊ शकतो. महिन्याभरात तिची झोप उडाली, ती चिडचिडी झाली, तर घरातले लगेच म्हणतील, बघा, डोकं चढलं म्हणून बोलत होती. क्रम उलटा असू शकतो, हे तुम्ही तरी ध्यानात ठेवा. गोळ्या तिच्या हातात, तिच्या वेळेवर. लिथियमची रक्तातली पातळी तपासून घ्या. आणि एक नाजूक गोष्ट: पाळी आली का, हे तुम्हीच तिला एकटीला विचारा. आली नसेल तर एक दिवसही दवडू नका. मनःस्थिती स्थिर ठेवणारी काही औषधं गर्भारपणात घातक असतात, त्यामुळे डॉक्टरांना सगळं माहीत हवं. बलात्कारातून राहिलेला गर्भ २४ आठवड्यांपर्यंत काढण्याची कायद्यात तरतूद आहे. इतक्या दिवसांनी नमुन्यांत काही सापडणं कठीण, पण संसर्गाची तपासणी करून घ्यायलाच हवी.

आता पोलीस आणि फाईल. तक्रार करायची की नाही हे ती ठरवेल. २६ वर्षांची आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ सांगतो की निदान झालं म्हणून माणूस आपोआप "अस्थिर बुद्धीचा" ठरत नाही, तसं फक्त न्यायालयच ठरवू शकतं. याच कायद्याने तिची माहिती गोपनीय राहते. तिच्या परवानगीशिवाय डॉक्टर ती वाटेल त्याला देऊ शकत नाहीत, न्यायालयासारख्या सक्षम यंत्रणेचा आदेश असेल तर गोष्ट वेगळी. दाजींचा वकील आजाराचा मुद्दा काढेल का? काढेल. तुम्हाला खोटा दिलासा देत नाही. पण साक्षीबद्दल कायदा काय म्हणतो ते ऐका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १२४ नुसार मनोरुग्ण व्यक्तीही साक्ष देऊ शकते. तिला प्रश्न कळत नसतील किंवा समजून उत्तर देता येत नसेल, तेवढ्यापुरताच अपवाद. तुमची नणंद तर मुलांना शिकवते! २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पठाण जमाल वली खटल्यात एका अंध मुलीच्या साक्षीवर शिक्षा कायम केली. न्यायमूर्ती चंद्रचूड यांच्या पीठाने तेव्हा बजावलं, की अपंग स्त्री जगाशी वेगळ्या रीतीने जोडलेली असते म्हणून तिची साक्ष दुय्यम मानायची नाही.

ती जायचं म्हणाली तर जबाब महिला अधिकारीच घेईल. मानसिक अपंगत्व असेल, तात्पुरतं का असेना, तर जबाब घरी किंवा तिला सोयीच्या जागी, विशेष शिक्षकाच्या मदतीने आणि चित्रीकरण करून घेण्याची तरतूद आहे. ही सोय तिला हवी असेल तर मागा, नको असेल तर तिच्या गळ्यात बांधू नका. गुन्हा कुठेही घडला असला तरी कोणत्याही ठाण्यात तक्रार नोंदवता येते, आणि अशा गुन्ह्याची नोंद न घेणाऱ्या पोलिसालाच शिक्षा आहे. "दोन महिन्यांनी आलात" असं ऐकावं लागेल, पण बलात्काराच्या गुन्ह्याला मुदत नाही. मोफत वकील हवा तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, स्त्रीसाठी उत्पन्नाची अटच नसते. जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरला, म्हणजे अत्याचार सोसलेल्या स्त्रियांसाठीच्या सरकारी मदत केंद्रात, आधी नुसतं बोलायला गेलात तरी चालतं. तिथला रस्ता १८१ या महिला हेल्पलाइनवर कळेल. आणि रात्री-बेरात्री तिचं मन फार खचलं, जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलली, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फ्रिजवर लिहून ठेवा.

कदाचित ती तक्रार करायची नाही म्हणेल. मोठ्या बहिणीचा संसार तिलाही दिसतोच आहे. मग तो निर्णय मान्य करा, पण "नको म्हणाली म्हणजे काही झालंच नव्हतं" असं घरात कोणाला बोलू देऊ नका.

मोठ्या वन्संबद्दल माझ्याकडे सोपं उत्तर नाही. त्यांना कधी, कोणी, किती सांगायचं, हे धाकटीला विचारल्याशिवाय करू नका. त्या पहिल्यांदा तुमच्यावरच धावून येतील, ते सोसायची तयारी ठेवा. यजमान दोन बहिणींच्या मधे सापडलेत, त्यांची घालमेल मला समजते. पण त्यांना ज्या कात्रीत धरलंय ती धाकटीने आणलेली नाही.

राहिली वास्तुशांत. तिला न्यायचं नाही. ज्या घरात शिरायचं नुसतं म्हटलं तरी पोटात गोळा येतो, तिथे तिला नव्या साडीत बसवून प्रसाद वाटायला लावायचा नाही. तुम्ही तिच्यासोबत घरी थांबा, यजमान आणि सासू-सासरे जाऊन येऊ देत. लोक विचारतील, आणि सासूबाई सवयीने म्हणतील, तिची तब्येत बरी नाही. तेवढं होऊ देऊ नका. तिची तब्येत बरी आहे. "ती येणार नाही" एवढंच सांगायला सांगा.